मोहाच्या दिवसांत

मार्च उतरणीला लागला की मंडल्याकडच्या रानात मोह गळतो. पहाटेच बायका टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात. भाची मैत्रिणीच्या लग्नाला तिकडंच गेली होती. हळदीच्या रात्री आधी बिअर, मग कुणीतरी हौसेनं आणलेली मोहाची. पाळी चुकायला तेव्हा अवकाश होता. कळलं ते एप्रिलात. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या गच्चीवर तिनं विचारलं, "मावशी, बाळाला काही झालं असेल का गं?"

"काही होत नाही" हे अशा वेळी जिभेवर तयारच असतं. मी ते गिळलं. खात्री नसताना धीर तरी कशाचा द्यायचा? कॅलेंडर घेऊन बसलो. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून, म्हणजे पहिले साधारण दोन आठवडे पोटात कुणी नसतंच. गर्भ धरल्यावरही तो गर्भाशयाला चिकटायला आठवडाभर जातो, आणि तोवर आईच्या रक्ताशी त्याचा व्यवहार जेमतेमच. हृदय, मेंदू, मज्जारज्जू यांची नाजूक घडण त्यानंतरची. लग्नाची तारीख तिच्या अलीकडे पडत होती, पण अगदी काठावर.

गरोदरपणात "एवढी चालते" असं दारूचं माप वैद्यकाला सापडलेलं नाही. तरी एक रात्र आणि रोजचं पिणं एकाच पारड्यात घालू नये. केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 1973 साली 'लॅन्सेट'मध्ये ज्या मुलांचं वर्णन केलं, लहान डोळ्यांची, खुंटलेल्या वाढीची, त्यांच्या आया दारूच्या पुऱ्या आहारी गेलेल्या होत्या. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही नेहमी मद्य घेणाऱ्या गर्भिणीचं मूल विसराळू, अस्थिर चित्ताचं होतं, असं म्हटलंय. हे ऐकून भाची त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली. "चरकालासुद्धा ठाऊक होतं तर, बायका पितात ते!"

तिला खरं पोखरत होतं ते वेगळंच. दवाखान्यात विचारलं होतं, "शराब वगैरह तो नहीं लेतीं ना?" शेजारी सासूबाई फाइल धरून बसलेल्या. अशा प्रश्नाला "जी नहीं" याखेरीज उत्तर कुठलं बसणार? आमच्या मराठी घरांत, पिढ्यान्‌पिढ्या नर्मदेकाठी राहूनही, पुरुषाचा पेला बैठकीत खपतो. बाईचा मात्र कुठंच नाही. मंडल्याच्या गोंडांमध्ये जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींना मोहाची दारू लागते. तिथं हा प्रश्न इतका चाचरत विचारावा लागत नसेल.

पुढच्या खेपेला भाची एकटीच गेली. डॉक्टरीणबाईंनी तारीख लिहून घेतली, आता थेंबभरही नको म्हणाल्या, फॉलिक ॲसिड चालू ठेवायला सांगितलं. अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत सगळं नीट बघू, म्हणाल्या. सासूबाईंना तिनं अजून सांगितलेलं नाही. सांगावंच असं मलाही वाटत नाही.