नालबंदाचा 'उद्या'

आमच्या मेव्हण्यांनी गंगापूर रोडपलीकडच्या मळ्यात दोन घोडे आणि एक घोडी पाळली, तेव्हा मला कोण अभिमान वाटला! चारचौघांत मी बिनदिक्कत "आमचे घोडे" म्हणत असे. पुढे मी निवृत्त झालो, मेव्हण्यांनी नालबंद आणण्याचं खातं माझ्या गळ्यात बांधलं, आणि त्या दिवसापासून ते पुन्हा "त्यांचे घोडे" झाले.

घोड्याचा खूर आपल्या नखासारखा वाढतो; महिन्याला जवळजवळ १ सेंटिमीटर. म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी नाल काढायचा, खूर कापून कानशीनं सारखा करायचा आणि पुन्हा नाल ठोकायचा. नाल झिजलेला नसला तरीही! हे मला कुठलं ठाऊक? फाटल्याशिवाय चप्पल बदलायची नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा.

फोन केला की नालबंद म्हणे, "उद्या सकाळी येतो, साहेब." या 'उद्या'ला तिथी नसते. पहिल्या उद्याला मी पहाटे पाचला उठलो, तिसऱ्याला नऊला. त्यात तुळशीचं लग्न लागलं आणि वरातीच्या घोड्यांचा नंबर आधी लागला. वेळेवर हजर असत ते फक्त शेजारी. दाराला ठोकायला जुना नाल हवा होता ना!

दहाव्या आठवड्यात घोडी लंगडली. खूर लांबलेला, नाल सैल, खिळा वाकडा. मोतद्दार म्हणाला, "तिला बोलता येत नाही म्हणून बरं, साहेब." मी मान खाली घातली.

स्कूटर काढली ती भांडायलाच. नालबंद पंचवटीत एका वरातवाल्याकडे घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तांगे होते तेव्हा स्टँडवर एका जागी दिवसभर काम मिळायचं. आता तीन घोड्यांसाठी तुमच्या मळ्यात यायचं. एक चिखलात लोळलेला, दुसरा पाय देत नाही, मोतद्दार चहाला गेलेला. माझा अर्धा दिवस मोडतो. पेट्रोल काय नालातून काढू?"

बरोबरच होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया हायकोर्टानं २०१५ साली बेकायदा ठरवल्या, आमचे तांगे रिक्षांनी संपवले. राहिलेले घोडे असे मळ्यामळ्यांत विखुरले. भांडायला गेलेला मी हिशेब मांडून परतलो.

घोडीला नालबंदानं त्याच संध्याकाळी येऊन मोकळं केलं. जनावरांच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. आणि मी घोडे गोळा करायला लागलो. शेजारच्या मळ्यातला एक टट्टू, वरातवाल्याच्या दोन घोड्या, आमचे तीन. एकूण सहा, एकाच दिवशी, एकाच अंगणात. मुहूर्त नसलेला दिवस वरातवालाच पंचांगात बघून सांगतो. घोडे आधीच कोरडे करून बांधलेले, मोतद्दार जागेवर. पाय उचलून द्यायची सवय घोड्यांना रोज, नालबंदासाठी नव्हे, एरवीच लावायची. काम संपताच पैसे हातावर, आणि चहाचा कप खाली ठेवण्याआधी पुढची तारीख. आता 'उद्या'ला तिथी आली आहे.

ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहितो. परवा सौभाग्यवती म्हणाल्या, "घोड्यांच्या खुरांची तारीख चुकत नाही. तुमच्या दाढेची दोन वर्षं ठरत नाही, ती?"

मी म्हटलं, "अगं, अजून लंगडत कुठे आहे?"