ब्रेकवर उजळणारं मीटर

जुलैतला आंबा घाट. धुकं इतकं दाट की पुढच्या एसटीचे फक्त दोन तांबडे ठिपके उरले होते, आणि त्यांच्या भरवशावर मी मोटरसायकल उतरवत होतो. माझ्या मागूनही कुणी माझ्या ठिपक्याच्या भरवशावर येत असेल, हे डोक्यात नव्हतं. साखरप्याला चहाला थांबलो, तर एक ट्रकवाले तावातावाने खाली उतरले. "अहो, मागे काळोख आहे तुमच्या! बत्ती नाही, ब्रेक नाही. आत्ता चाकाखाली आला असतात!"

खरं होतं. स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा चालवणाऱ्याला कधी दिसतच नाही.

टपरीच्या पत्र्याखाली गाडी घेतली, दिव्याचं बटण बंद केलं, चावी चालू ठेवून ब्रेक दाबला. मागे अंधारच. पण पुढे, स्पीडोमीटरच्या काचेआड, मंद पिवळा उजेड पसरला. पाय उचलला, उजेड गेला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. देवघरातल्या समईसारखा शांत. चहा निवला तरी मी तोच खेळ करत बसलो होतो. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. माझी गाडी त्याआधीची. म्हणून दिवसा तिचं मीटर काळं असतं, आणि म्हणूनच ही करणी दिसली तरी.

रत्नागिरीला घरी आल्यावर आपल्याला जे सुचतं ते सगळं केलं. बल्ब बदलला. ब्रेकचा स्विच बदलला. जुने दोन्ही धडधाकट निघाले, पैसे तेवढे गेले. मग मल्टिमीटर आणला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पोटभर जेवलेली. ब्रेक दाबून होल्डरमध्ये येणारी वायर तपासली, तिथेही बारा. मल्टिमीटरच्या मते गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं.

शेवटी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी माझा मल्टिमीटर हातातही घेतला नाही. त्यांच्या खणात एक बल्ब होता, २१ वॅटचा, ब्रेकला असतो तोच. त्याला दोन लांब वायरी डाख देऊन जोडलेल्या. "तुमचं यंत्र वायरीला नुसतं विचारतं, आहेस का? ती म्हणते, आहे. हा तिला काम सांगतो."

शाळेत ओमचा नियम घोकला होता. १८२७ पासून तो छापील आहे, पण कळला तो मिस्त्रींच्या बाकड्यावर. मल्टिमीटर करंट जवळजवळ खातच नाही. म्हणून एकाच तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा त्याला पूर्ण व्होल्ट दाखवते. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. तेवढं ओढायला लागलं की खरं-खोटं दिसतं.

मिस्त्रींनी बल्बचं एक टोक ब्रेकच्या वायरीला लावलं, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. लख्ख पेटला. मग दुसरं टोक तिथून काढून मागच्या मडगार्डच्या पत्र्याला टेकवलं. काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "करंट येतोय हो. जायला वाट नाही त्याला."

आपण सगळे येणारी बाजूच शोधतो. बॅटरी, फ्यूज, स्विच, बल्ब. करंटला परतही जायचं असतं. दिव्यातून निघून पत्र्यावरून, सांगाड्यावरून, काळ्या वायरीने बॅटरीत. ती वाट बंद झाली की तो बसून राहत नाही. माझ्या गाडीत तो बल्बातल्या ब्रेकच्या तारेतून त्याच बल्बातल्या शेजारच्या, टेललाइटच्या पाच वॅटच्या तारेत शिरत होता, टेललाइटच्या वायरीने उलटा पुढे जात होता आणि मीटरच्या इवल्या बल्बांतून हँडलजवळची अर्थिंग गाठत होता. एवढ्या आडवाटेने जाताना दमून जो उजेड उरे, तो मला साखरप्याला दिसला होता.

आता वाट कुणी बंद केली? मिस्त्रींनी टेललाइटखालचा बोल्ट काढला. काळ्या वायरीचं कडं स्वच्छ होतं, गंज नाही, हिरवट थर नाही. त्याच्याखाली मात्र काळाभोर, तुकतुकीत, कारखान्यातून आल्यासारखा रंग. मे महिन्यात, पावसाआधी पत्रा सडू नये म्हणून, मीच ब्रशने मायेने दिलेला. दोन हात. बोल्टाच्या भोकाच्या कडाही सोडल्या नव्हत्या. रंगातून वीज जात नाही, हे आठवीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

पॉलिश पेपरने त्यांनी रुपयाएवढी जागा घासली, पत्रा चांदीसारखा निघाला. कडं बसवलं, वरून व्हॅसलीन चोपडलं. ब्रेक दाबला. मागची भिंत लाल झाली आणि मीटर काळंच राहिलं.

त्या उजेडाची मला थोडी सवय झाली होती, हे कबूल करतो. मिस्त्रींनी चहाचेच पैसे घेतले. "बाकी काम तुम्हीच केलं होतंत," म्हणाले.