पोफरण नावाचा बाण

वैतरणेचा पूल मागे पडला की डहाणू लोकलच्या दारातून खाऱ्या चिखलाचा वास आत येतो. मग सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. एरवी हा वास आला की घर जवळ आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र स्टेशनं संपेनात. सकाळी बाबांचा फोन आला होता, "अरे, पोफरण उघडत नाही. पांढरं पडलंय."

पोफरण हे बाबांचं आजोळ. तारापूरच्या अणुवीज केंद्राला लागून, समुद्राच्या अंगाला असलेलं गाव. १९६९ साली केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज सुरू झाली तेव्हा बाबा शाळेत होते. सुट्टीत ते आजीकडे जात आणि रात्री समुद्रावरून दिसणारे केंद्राचे दिवे मोजत बसत. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि शेजारचं अक्करपट्टी उठलं. माणसं आतल्या बाजूला पुनर्वसनाच्या वसाहतीत गेली. नाव त्यांनी बरोबर नेलं. समुद्र कुणाला नेता आला नाही.

एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाबा मराठी टायपिंग शिकले, एका बोटाने, अक्षर शोधत. आणि आजोळ लिहून काढायला बसले. कुणाचं घर कुणाच्या घराला पाठ लावून होतं, बोंबील कुठे वाळत घालायचे, पावसाळ्यात होड्या कुठवर ओढून ठेवत. लिहायचं सॉफ्टवेअर उघडणाऱ्या चित्राखाली इंग्रजी नाव होतं, ते पुसून त्यांनी तिथे 'पोफरण' असं लिहिलं. मग ते चित्र पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, एकटं, ओढून ठेवलं. रोज संध्याकाळी चहा झाला की ते त्या कोपऱ्यात जात.

मी पोहोचलो तेव्हा ते कॉम्प्युटरसमोरच बसले होते. आदल्या दिवशी बाजारातल्या एका मुलाने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकून दिली होती. कोपऱ्यात चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद. त्यावर तो छोटा वळलेला बाण तेवढा शिल्लक. क्लिक केलं तर इंग्रजीत एक चौकट यायची : हा शॉर्टकट जिकडे नेतो ते बदललं आहे किंवा हलवलं आहे, शॉर्टकट पुसून टाकू का?

"मी प्रत्येक वेळी 'नाही' दाबलं," बाबा म्हणाले. "बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर केलंत, बाबा."

आधी मी त्यांना त्यांच्या फायली उघडून दाखवल्या. सगळी पानं जागच्या जागी होती. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. शॉर्टकटमध्ये लिखाण नसतं, सॉफ्टवेअरही नसतं. १९९५ साली विंडोजमध्ये आला तेव्हापासून तो आहे एवढाच, एक पत्ता लिहिलेली लहानशी चिठ्ठी. जुनी आवृत्ती ज्या फोल्डरमध्ये राहत होती तो फोल्डर नव्या आवृत्तीने येताना काढून टाकला आणि आपलं बिऱ्हाड दुसरीकडे मांडलं. तिने स्वतःचा नवा शॉर्टकटही वर, सगळ्यांच्या रांगेत ठेवला होता. बाबांनी तो पाहिला होता, पण तो त्यांचा नव्हता.

मग जुना का उरला, हे शोधायला मला थोडा वेळ लागला. सॉफ्टवेअर जाताना आपण ठेवलेले शॉर्टकट बहुतेक वेळा नावावरून ओळखून पुसतं. बाबांनी नाव बदललं होतं. 'पोफरण' म्हणजे आपलाच बाण, हे त्याला कळलं नाही. त्या नावाने तो वाचला, आणि नेमका म्हणूनच पोरका झाला.

बाबांना एक गोष्ट खटकत होती. "पत्ता बदलला तर शोधून काढता येत नाही याला? आपला नाही का बदलला?"

आमच्या पत्त्यात कैक वर्षं 'ता. पालघर, जि. ठाणे' होतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. तरी नातेवाईकांच्या लग्नपत्रिका 'जि. ठाणे' लिहूनच येत राहिल्या आणि एकही चुकली नाही, कारण खाली ४०१५०१ होतं. १९७२ साली ही पिनकोडची पद्धत आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातल्या एका मराठी संस्कृत कवीने. मला याचा फार अभिमान वाटतो. गावांची नावं सारखी असोत, जिल्हे फुटोत, सहा आकड्यांनी पत्र घरी पोहोचतं.

विंडोजही फाइलीला असा एक क्रमांक देतं. फाइल त्याच डिस्कवर नुसती सरकवली तर शॉर्टकट बऱ्याचदा त्या क्रमांकावरून तिच्यामागे जातो. पण इथे जुनं काढून नवं आणलं होतं, नाव वेगळं, क्रमांक वेगळा. ज्याला शोधायचं तेच नव्हतं.

हे ऐकून बाबा गप्प झाले. खिडकीबाहेर कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली.

"तरी बाण त्याच जागेकडे बोट दाखवत होता," ते हळूच म्हणाले.

त्या बाणावर मी उजवं क्लिक केलं, गुणधर्मांच्या चौकटीत जुना पत्ता खोडला, नवा लिहिला. रांगेतला तयार शॉर्टकट खाली ओढून ठेवला असता तर काम आणखी लवकर झालं असतं, पण तसं करायला माझा हात धजावला नाही. क्षणभराने कोऱ्या कागदावर रंग भरला. खालचं नाव होतं तसंच होतं.

बाबांनी चष्मा लावला, माऊस हातात घेतला आणि कोपऱ्यात गेले. अर्धवट राहिलेलं पान उघडलं. आजीच्या दारातल्या पाण्याबद्दल होतं ते. एक बोट कीबोर्डवर फिरत राहिलं, मग थांबलं.

"बाव लिहू की विहीर? मुंबईच्या नातवंडांना बाव कळेल?"

"आजी काय म्हणायची?"

"बाव."

"मग बावच लिहा."

त्यांनी 'ब' शोधला.