थोरांनी काय केलं, ते सांगा

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत सकाळी डोकावलं, तर परिपाठात दिनविशेष चाललेला दिसेल. कुणाची तरी जयंती असते, नाहीतर पुण्यतिथी. कार्यालयातला फोटो टेबलावर येतो, हार घातला जातो, दोन मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात, एखादे सर चार शब्द बोलतात आणि तास सुरू होतात. आठवीत पोचेपर्यंत मुलांनी अशी कितीतरी भाषणं ऐकलेली असतात. म्हणून इंग्रजीच्या तासाला थोर माणसांच्या गुणांवरचा पाठ निघाला की विषय त्यांना नवा नसतो. थोर माणसं शूर असतात, प्रामाणिक असतात, कष्टाळू, दयाळू, निश्चयी असतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते इंग्रजीतून म्हणायचं, एवढंच बाकी राहतं.

आणि तिथंच गाडं अडतं. मी गंगाखेड तालुक्यातल्या एका प्रशालेत इंग्रजी शिकवतो. वाचनपाठाची आमची रीत ठरलेली आहे. आधी शिक्षकाचं आदर्श वाचन, मग मुलांचं अनुकरण वाचन, कठीण शब्द फळ्यावर, मूकवाचन आणि शेवटी प्रश्न. गुणांच्या पाठात कठीण शब्दांनीच फळा भरून जातो. डिटर्मिनेशन, पर्सिव्हरन्स, ह्युमिलिटी, इंटेग्रिटी. मुलं शब्दावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत जातात आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून सुटलेली असते. राज्यात 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं, म्हणजे हे लेकरू सात वर्षं इंग्रजी शिकून माझ्यापुढे बसलेलं आहे. त्याची बुद्धी कमी आहे असं कुणी म्हणू नये. ज्या शब्दाचा घरात, रानात, बाजारात कुठेच वापर नाही आणि जो वाचून झाल्यावरही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, तो शब्द कोणाच्याही लक्षात राहणार नाही.

वह्या तपासताना दुसरी गोष्ट दिसते. आवडत्या थोर व्यक्तीवर पाच वाक्यं लिहा म्हटलं की सगळ्या वह्यांत तेच गुण त्याच क्रमाने येतात. शिवाजी महाराजांचं नाव काढून तिथं सावित्रीबाईंचं घातलं, तरी मजकूर जसाच्या तसा चालतो. माणूस बदलला तरी वर्णन बदलत नसेल, तर मुलाला त्या माणसाबद्दल काहीच कळलेलं नाही, असंच मी समजतो. सावित्रीबाईंनी 1897 च्या प्लेगात मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना प्लेगची लागण होऊन त्या गेल्या. हे एक वाक्य दुसऱ्या कुणाच्या नावापुढे लावता येत नाही. मला मुलांच्या वहीत अशी वाक्यं हवी आहेत.

चांगल्या माणसाची लक्षणं सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. समर्थ रामदास आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि पुढच्याच समासात उत्तम लक्षणं. हा समास उघडून बघावा. समर्थ सुरुवात कुठून करतात? वाट विचारल्याशिवाय निघू नये, फळ ओळखल्याशिवाय खाऊ नये, पडलेली वस्तू एकाएकी उचलू नये. हातापायांनी करायच्या किंवा टाळायच्या गोष्टी आहेत या. आठवीतल्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट दिसते आणि करून बघता येते. समर्थांना शिकवायचं कसं हे पक्कं ठाऊक होतं, असं मला हा समास वाचताना दर वेळी वाटतं.

गुणांच्या यादीपेक्षा कृती जास्त शिकवते, हे लिंकनच्या बाबतीतही दिसतं. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत भिंतीवर एक पत्र लावलेलं असतं, अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे ते घरोघरी पोचलं. ते लिंकनचं असल्याचा काहीही पुरावा नाही आणि त्याच्या संकलित लेखनात ते सापडत नाही. त्यातले विचार चांगले आहेत, पण तीही गुणांची यादीच. लिंकनने एका मुलीला लिहिलेलं खरं पत्र मात्र उपलब्ध आहे आणि वर्गात वाचायला ते फार मोलाचं आहे. 1860 च्या ऑक्टोबरात, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना, न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक दिसतो, तुम्ही दाढी राखा, म्हणजे बायका आपापल्या नवऱ्यांना तुम्हालाच मत द्यायला लावतील. चार दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, लिंकनने तिला उत्तर लिहिलं. आपल्याला मुलगी नाही, तीन मुलगेच आहेत याची खंत त्यात आहे आणि आजवर कधी दाढी राखली नाही, आता राखली तर लोक नावं ठेवणार नाहीत का, असा प्रश्नही आहे. पुढे निवडून आल्यावर फेब्रुवारी 1861 मध्ये वॉशिंग्टनला जाताना त्याची आगगाडी वेस्टफील्डला थांबली, तेव्हा त्याने गर्दीतून त्या मुलीला बोलावून घेतलं. तोवर त्याने दाढी राखलेली होती.

ही हकिकत मी वर्गासाठी लहान लहान वाक्यांत उतरवली. अ गर्ल रोट अ लेटर. लिंकन रेड इट. ही रोट बॅक. एरवी वाचायला उठवलं की मान खाली घालणारी मुलं ही वाक्यं एका दमात वाचून गेली. ‘सर, ती पोरगी कितवीत व्हती?’ एकाने विचारलं. तुमच्यापेक्षा लहान होती म्हटल्यावर वर्गात कुजबुज सुरू झाली. नम्रता म्हणजे काय, हे मला त्या तासाला समजावून सांगावं लागलं नाही.

पण लिंकन लांबचा. आमच्या मुलांसाठी सगळ्यात जवळची थोर बाई गंगाखेडचीच आहे. जनाबाईचा जन्म गोदाकाठच्या या गावचा. लहानपणीच ती पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली आणि जन्मभर स्वतःला नामदेवांची दासी म्हणवत आली. नामदेवांचं मूळ गाव म्हणून मानली जाणारी नर्सीही 1999 मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. गंगाखेडचं जनाबाईचं मंदिर माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेलं आहे. मी फळ्यावर लिहिलं: जनाबाई वॉज बॉर्न इन गंगाखेड. शी वर्क्ड इन नामदेवाज हाउस. शी ग्राउंड ग्रेन. शी फेच्ड वॉटर. शी सँग. ‘ग्राउंड’ या शब्दाशी मुलं थोडी थांबली, कारण मैदानाचं ग्राउंड त्यांना माहीत होतं. मी हाताने जातं फिरवून दाखवलं. गिरणी गावात आली असली तरी जातं अजून पुष्कळ घरांत कोपऱ्यात आहे, लग्नाची हळद त्यावरच दळतात. खुंटा धरलेला हात पाहून सगळा वर्ग एकदम म्हणाला, ‘दळण!’

मग मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. घरचं पाणी भरून, भाकरी करून शाळेला येणारी. आईवडील उसाच्या टोळीबरोबर गेले की धाकट्या भावंडांना तीच सांभाळते. तिने पाचही वाक्यं वाचली, थोडा वेळ फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘सर, मंग ती लिव्हायची कवा? कामं तर सरतच न्हाईत.’

इतका चांगला प्रश्न माझ्या वर्गात फार क्वचित आलेला आहे. मी सांगितलं की ती लिहीत नव्हती, दळता दळता म्हणत होती. परंपरा तर सांगते की तिचे अभंग खुद्द पांडुरंगाने बसून लिहून घेतले. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तिच्या नावावरचे अभंग आज साडेतीनशेच्या आसपास भरतात. काम संपलं की लिहीन असं ती म्हणाली असती, तर त्यातला एकही आपल्यापर्यंत आला नसता. मुलगी खाली बसली. तिचं समाधान झालं की नाही मला सांगता येणार नाही, पण तिचा प्रश्न वर्गातल्या प्रत्येकाला कळला होता. त्यानंतर मी खडू उचलून त्या पाच वाक्यांखाली पाठातला तो लांबलचक शब्द लिहिला: पर्सिव्हरन्स. आता त्याला काहीतरी आधार होता आणि मुलांनी तो वाचला.

माझं म्हणणं एवढंच आहे. गुणांचे शब्द नकोत असं नाही, पण ते मागून यावेत. आधी त्या माणसाने कुठल्या दिवशी, कुठल्या अडचणीत काय केलं ते यावं. असं केलं तर इंग्रजी वाचनही सुधारतं, कारण करण्याचे शब्द लहान असतात आणि हाताने दाखवता येतात.

परभणी जिल्ह्यात, एकूण मराठवाड्यातच, अशा वाक्यांची वाण नाही. बी. रघुनाथ 1913 मध्ये सातोन्याला जन्मले. निजामाच्या बांधकाम खात्यात परभणीला नोकरी केली. कचेरीचा कारभार उर्दूत आणि घरी येऊन मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहायच्या, असं त्यांचं आयुष्य गेलं. ‘आडगावचे चौधरी’ त्यांचीच. 7 सप्टेंबर 1953 रोजी कचेरीत कामावर असतानाच ते गेले, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. याच मराठवाड्याच्या मुक्तीसाठी झगडलेले स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला त्यांनी मुलं शिकवली, मग शाळा सोडून लढ्यात उतरले, तुरुंग भोगला आणि त्या लढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा मराठवाड्यातल्या गरीब घरच्या मुलांना कॉलेजचं दार उघडलं. यातल्या एकेका माणसावर आठवीच्या मुलाला वाचता येतील अशी दहा वाक्यं सहज होतात.

एका गोष्टीवर माझं काही सहकाऱ्यांशी पटत नाही. तुम्ही पाहिलेला थोर माणूस कोण, असं विचारलं की मुलं आई किंवा वडील लिहितात आणि आपण शिक्षक गहिवरून पूर्ण गुण देतो. आईबापांच्या कष्टांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण पाठ थोरपणाचा आहे. घरच्यांसाठी खपणं हे माणूसपण झालं. आपल्या घराबाहेरच्या, ज्याच्याशी नातं नाही अशा कुणासाठी कोण उभं राहिलं, हे मुलाला शोधायला लावलं पाहिजे. मी तसं सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने वहीत आपल्या घरात ऐकलेली, दुष्काळातली गोष्ट लिहून आणली होती. तीनच वाक्यं: हिज बोअर हॅड वॉटर. ऑल व्हिलेज टुक वॉटर. ही टुक नो मनी. मधल्या वाक्याचं व्याकरण थोडं चुकलं आहे. तो माणूस कोण, हे मी विचारल्यावर त्याने सांगितलं आणि मागच्या बाकावरची दोन मुलं म्हणाली, आमच्या घरीबी त्याच बोअरचं पाणी यायचं. या वर्षी वाचलेल्या सगळ्या वह्यांत मला ही तीन वाक्यं सर्वांत चांगली वाटली.

म्हणून एक विनंती आहे, शिक्षकांना आणि त्याहून जास्त गावातल्या जाणत्या माणसांना. तुमच्या गावात पाणीटंचाईच्या वेळी, पुराच्या वेळी, रझाकारांच्या काळात किंवा एखाद्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी कुणी काही केलं असेल, तर त्याच्यावर पाच वाक्यं मराठीत लिहा. गुण लिहू नका, काय केलं ते लिहा, वर्ष माहीत असेल तर तेही लिहा. तो कागद गावच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाकडे द्या. इंग्रजी आम्ही करून घेऊ.