सिरोंच्याची दगडी झाडं

प्रिय ताई,


मैत्रिणींबरोबर थरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहिलीस, जैसलमेरजवळच्या आकलचं जीवाश्म उद्यान पाहिलंस, आणि शेवटी लिहिलंस, ‘असं काही आपल्याकडे असतं तर!’ अगं, आहे की! चंद्रपूरहून पहाटे निघालं तर दुपारपर्यंत पोचता येतं.

आम्ही मित्रमंडळी नुकतेच सिरोंच्याला जाऊन आलो. बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, रस्ता मात्र जागोजागी उखडलेला. जंगलात मुक्काम करायचा नाही हे आधीच ठरलं होतं, म्हणून गावाजवळ एका ओळखीच्यांच्या शेतात तंबू टाकले. शेजारी तोडलेली मिरची वाळत घातलेली. रात्रभर तिचा उग्र वास येत होता. इथली माणसं घरात तेलुगू बोलतात, आपल्याशी मराठी. प्राणहिता इथेच गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणातलं कालेश्वर.

दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला सोबत घेऊन वडधमच्या जीवाश्म उद्यानात गेलो. एका ओंडक्यापाशी मी बराच वेळ बसलो. सालीच्या उभ्या भेगा, फांदी फुटली होती तिथली गाठ, मोडलेल्या तोंडाशी एकात एक वर्तुळं. डोळ्यांना सगळं लाकूडच दिसतं. हात ठेवला की गार दगड. आमच्यातल्या एकाने जवळ पडलेला मुठीएवढा तुकडा उचलला, तर वनरक्षक लगेच म्हणाला, ‘दादा, ठेवा तो. होता तिथंच ठेवा.’

जुरासिक काळात इथून नद्या वाहत होत्या. भारत तेव्हा गोंडवन भूखंडाचा भाग. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळे एकाच जमिनीत. फुलझाडांचं राज्य अजून यायचं होतं, जंगल सूचिपर्णी झाडांचं. पुरात उन्मळलेली झाडं वाळू-गाळाखाली गाडली गेली, हवा न मिळाल्याने कुजली नाहीत, आणि पाण्यात विरघळलेली सिलिका हळूहळू लाकडाच्या पेशीपेशीत भरत गेली. आकलची झाडंही साधारण याच युगातली. तिथे पुढे वाळवंट आलं, इथे साग आला. वाळवंटात ओंडका उघडा पडतो, लांबून दिसतो. इथे त्याच्यावर पालापाचोळा पडतो, वेली चढतात, पावसाळ्यात माती येते. मला वाटतं, इतकी वर्षं आपल्या लोकांना या झाडांचा पत्ता नव्हता त्याचं हे एक कारण. दुसरं कारण तुला सांगायला नको. हा गडचिरोली जिल्हा, आणि गडचिरोलीचं नाव काढलं की नागपूर-पुण्याची माणसं आधी बंदुकीचं विचारतात.

आणि नुसती झाडंच नाहीत. याच तालुक्यात प्राणहितेकाठी कोटा नावाचं गाव आहे. त्या गावावरून भूशास्त्रज्ञ इथल्या खडकांच्या थराला ‘कोटा’ म्हणतात, जगभरच्या शोधनिबंधांत हे नाव आहे. याच खोऱ्यात पोचमपल्लीजवळ १९६१च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना प्रचंड डायनासोरची हाडं सापडली. मांडीचं हाडच माणसाच्या उंचीचं! ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं, म्हणून १९७५ साली प्राण्याचं नाव ठेवलं ‘बारापासॉरस टागोराय’. त्याचा सांगाडा कोलकात्यात त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. याच खडकांतला दुसरा, कोटासॉरस, हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात. दोन्हीकडे हे सांगाडे नीट जपले आहेत, त्यांचा अभ्यास झाला आहे, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ताई, सिरोंच्याच्या शाळेतल्या पोराने ते पाहायचे कधी? त्याच्या परिसरातले प्राणी, आणि ते पाहायला इतक्या लांबचा प्रवास. निदान हुबेहूब प्रतिकृती तरी इथे उभी राहावी. वडधममध्ये झाडं जिथे सापडली तिथेच ठेवली आहेत, हे मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. तुकडा उचलून दिवाणखान्यात नेला की तो नुसता शोभेचा दगड. त्याच्या थरात असला तर त्याच्या वरचं, खालचं, शेजारचं सगळं वाचता येतं. ते त्या वनरक्षकाला पक्कं कळलेलं आहे. गावातल्या चार-दोन पोरांना वाटाडे म्हणून तयार केलं तर राखणही होईल आणि त्यांना दोन पैसेही मिळतील.

तू डिसेंबर-जानेवारीत ये, उन्हाळ्यात मुळीच नको. बल्लारपूर स्टेशनवर घ्यायला येतो. वाटेत कमलापूरला वनविभागाचे हत्ती पाहू. परतताना वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्यालाही जायचं आहे. तिथे सापडलेल्या डायनासोरच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. डायनासोरच्या काळात गवत होतं, एवढी मोठी गोष्ट आपल्या वरोऱ्याच्या मातीने सांगितली. मैत्रिणींनाही घेऊन ये. तंबू इथे आहेत, पांघरुणं मात्र आणा, नदीकाठी पहाटे थंडी फार पडते.

तुझा,
धाकटा