शेपूट

सायकलला शेपूट असतं, हे तिच्यावर ओझं लादून मांजरसुंब्याचा घाट उतरलेल्यालाच कळतं. हॅंडल सरळ, रस्ता सरळ, आणि मागची बाजू मात्र नव्या मालकाबरोबर निघालेल्या कालवडीसारखी इकडून तिकडे. ब्रेक दाबावा तर जास्तच.

या शेपटापायी माझी वीस वर्षं गेली. रानात मुक्कामाला जाणाऱ्यांच्या सायकली मी लिंबागणेशात बांधून देतो. तंबू, स्टोव्ह, भांडी यांचं काही नाही. खरं ओझं पाण्याचं. होळीनंतर बालाघाटातल्या ओढ्यांवर भरवसा ठेवू नये, सौताड्याचा धबधबासुद्धा पावसाळ्यातलाच पाहुणा. म्हणजे माणशी आठ लिटर, आठ किलो. ते मी कॅरिअरवर आडवं बांधायचो. शेपूट हललं की कॅरिअर बदलायचो. सहा एमएमची सळी होती तिथं आठची घातली, आठच्या जागी दहाची. तारा वाजवून ताण जुळवायचो, चाकाची आऊट केसभरही ठेवत नव्हतो. कॅरिअरवर स्वतः उभा राहून दाखवायचो. लोक वा म्हणायचे. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलंच तर त्याला हकीम, बापासोला आणि भूमगरा या पारशी पोरांची गोष्ट ऐकवायचो: 1923 ला मुंबईहून निघाले, 1928 ला जगाची फेरी मारून परतले, 71 हजार किलोमीटर. ते कुरकुरले का? आणि वर सांगायचो, ‘हॅंडल ढिलं धरा, होईल सवय.’

बीडच्या दुकानांतल्या गिअरवाल्या सायकलींना मी नावं ठेवतो, ती सोडणार नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम, कॅरिअर लावायला भोक नाही, आणि रानात चीर गेली तर कुठला गावचा वेल्डर तिला हात लावील? ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला, तेव्हा मी दिवसभर दुकान उघडलं नव्हतं. बाभळीच्या काट्यावर अजून टायरच्या आत जुन्या ट्यूबचा पट्टाच चालतो.

गेल्या दिवाळीपासून उजवा अंगठा बधिर झालाय. निपलची चावी धरली तरी तार किती कसली ते कळत नाही. म्हणून एक सायकल भाच्याच्या हाती दिली. त्यानं माझं कॅरिअर काढून साधं लावलं, तंबू सीटला चिकटवून बांधला आणि पाण्याचे चार-चार लिटरचे दोन कॅन पुढच्या चिमट्याला दोन्हीकडून, ॲक्सलच्या बरोबरीला टांगले.

“पाणी पुढं? हॅंडल जड होईल की रे.”

“मामा, दूधवाल्याच्या किटल्या कुठं असतात?”

खाली, चाकाच्या दोन्ही अंगांना. माझा बापच दूध घालायचा. त्या किटल्यांचे आकडे मी लहानपणी रोज पुसलेत.

घाट मी स्वतःच उतरलो. हॅंडल जड होतं, पण शेपूट नव्हतं. खाली येऊन पाचेक मिनिटं उगाच चेन बघत बसलो. काढलेलं कॅरिअर रात्री काट्यावर टाकलं: पावणेचार किलो. एवढ्यात जवळजवळ चार लिटर पाणी आलं असतं.

आता कॅन चिमट्याला धरणारी क्लिप सरकते. खडकाळ वाटेवर तासाभरात कॅन चार बोटं खाली येतो, तारांना घासायला लागतो. खाली ट्यूबची पट्टी घातली, दोन क्लिपा केल्या, चिमट्याचा रंग खरवडला. अजून सरकतेच. भाचा म्हणतो, चिमट्याला आकडा वेल्ड करू. मी चिमट्याला वेल्ड करू देत नाही.

परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही पाणी पुढं टांगायची युक्ती कुणाची?

“आमच्या दुकानाची,” मी म्हणालो. भाचा पाने पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.