पुतळ्यापाशी रांग

भाच्याने फिलाडेल्फियाहून फोटो पाठवला. मागे कलासंग्रहालयाच्या पायऱ्या, शेजारी मुठी उंचावलेला ब्राँझचा रॉकी आणि भाच्याच्याही मुठी वर. आत सेझान आहे, द्यूशाँ आहे, बघितलंस का? "मावशी, रांगेतच वेळ गेला गं." मला ते पटलं. मीही रांगच धरली असती, आणि मुठी जरा जास्तच वर केल्या असत्या.

पुतळा आहे जगात कधी न झालेल्या माणसाचा. तिसऱ्या 'रॉकी' सिनेमासाठी घडवलेला, म्हणजे मुळात सेटवरचं सामान. 1982 नंतर ही कला की नुसता देखावा, यावर शहर कितीतरी वर्षं भांडलं. पहिला 'रॉकी' 1976 चा, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली त्या सालचा. त्यात रॉकी हरतो, हे रांगेतल्या किती जणांना आठवत असेल कोण जाणे. पंधरा फेऱ्या उभा राहतो. निकाल पुकारला जातो तेव्हा त्याचं लक्षच नसतं, तो आपल्या प्रेयसीला, एड्रियनला, हाका मारत असतो. मला मात्र सगळ्यात खरी वाटते ती आधीची जागा. विश्वविजेत्या अपोलो क्रीडचा ठरलेला प्रतिस्पर्धी जायबंदी होतो, तेव्हा अपोलो स्थानिक मुष्टियोद्ध्यांची नावं चाळतो आणि 'इटालियन स्टॅलियन' या टोपणनावावर बोट ठेवतो. का, तर जाहिरातीत खपेल. गरिबाला मिळालेली संधी ही गल्ल्याच्या हिशेबातून निघालीय, हे सिनेमा उघड सांगतो. आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो, कारण पुढे ट्रम्पेट वाजायचे असतात.

गारठलेल्या खोलीत टांगलेल्या मांसावर रॉकी ठोसे मारतो, ते आलं जो फ्रेझिअर या खऱ्याखुऱ्या मुष्टियोद्ध्याकडून. साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्टकडचं शेतावर वाढलेलं पोर. लहानपणी डुक्कर मागे लागलं, पळताना पडला, डावा हात विटेवर आपटला. डॉक्टरला द्यायला पैसे कुठले? हात पुन्हा पुरता सरळ झालाच नाही, आणि त्याच वाकड्या कोनातून पुढे तो भयंकर लेफ्ट हुक निघाला. गोणपाटात चिंध्या, मक्याची बुरकुंडं, विटा भरायच्या, झाडाला टांगायचं आणि बडवायचं, ही त्याची पहिली तालीम. फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला लागला तेव्हा तोच हात मांसावर चालू लागला. 1964 ला टोकियोत ऑलिंपिकचं सुवर्णपदक. 8 मार्च 1971 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत मुहम्मद अलीला आडवा केला, त्याच डाव्याने. सिनेमात रॉकी पळत चढतो त्या संग्रहालयाच्या पायऱ्यांवरूनही आधी आपणच पळायचो, असं तो सांगायचा. 'रॉकी'त तो आहे, अगदी क्षणभर. सामन्याआधी रिंगमध्ये येतो, हात मिळवतो, निघून जातो. उतारवयात नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या आपल्या तालमीच्या वरच राहायचा. तिथे नंतर फर्निचरचं दुकान निघालं. 2011 मध्ये तो गेला आणि 2015 मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, संग्रहालयापासून लांब, दक्षिणेकडच्या स्टेडियमांच्या बाजूला. भाच्याने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

असाच दुसरा सिनेमा 'हूझिअर्स' (1986), तो मला जवळजवळ पाठ आहे. इंडियानातल्या मायलन या हजारेक वस्तीच्या गावातल्या शाळेने 1954 ची राज्य बास्केटबॉल स्पर्धा 32-30 अशी जिंकली, त्यावर बेतलेला. प्रशिक्षक झालेला जीन हॅकमन खेड्यातल्या पोरांना अंतिम सामन्याच्या अवाढव्य स्टेडियममध्ये नेतो आणि मोजपट्टी काढून बास्केटची उंची मोजायला लावतो. दहा फूट, गावातल्याइतकीच. इथे माझा गळा दाटतो, दर खेपेला.

पुढच्याच वर्षी ती स्पर्धा जिंकली इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ऍटक्सने, कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या काढलेल्या शाळेने. पुढे बास्केटबॉलमध्ये गाजलेला ऑस्कर रॉबर्टसन त्या संघात होता. आदल्या वर्षी मायलनकडून हरला तेव्हाही होता. विजेत्यांनी शहराच्या मधल्या चौकात जल्लोष करायचा, अशी रीत. यांची मिरवणूक चौकात रेंगाळू न देता कृष्णवर्णीयांच्या वस्तीकडे वळवली. रॉबर्टसन ते कधी विसरला नाही. यात नाट्य कमी आहे म्हणावं, तर तसंही नाही. आणि 'हूझिअर्स'च्या अंतिम सामन्यात हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक म्हणून बाकावर बसलेला माणूस पाहा: तो रे क्रो. 1955 आणि 1956, दोन्ही वर्षी ऍटक्सला जिंकून देणारा प्रशिक्षक.